कोंबड्यांना कितीही औषध लावलं तरी ‘पिसवा’ परत का येतात?

संध्याकाळी कोंबड्यांना हाकलावं लागत नाही. उजेड कमी झाला की त्या आपसूक खुराड्याकडे वळतात. पण काही घरांत, विशेषतः ऊन वाढायला लागलं की, उलटंच दिसतं. कोंबड्या दाराशी घुटमळतात, आत ढकललं तर ओरडतात आणि संधी मिळताच शेवग्यावर नाहीतर पत्र्यावर जाऊन बसतात. काही दिवसांत तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, अंड्यांवर बसवलेली खुडूक कोंबडी मधेच उठून जाते. घरात पहिली शंका येते मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. खरं कारण मात्र अनेकदा खुराड्याच्याच फटीत बसलेलं असतं आणि त्याचा आकार असतो जेमतेम 1 मिलिमीटर.

2019 च्या पशुगणनेनुसार भारतात परसातल्या कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मिळून संख्या 31 कोटींच्या पुढे आहे. दहा-पंधरा कोंबड्या, त्यांची अंडी घरातल्या मुलांना, उरलेली विकायला, आणि तो पैसा बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हातात. त्यामुळे कोंबडी अंगाला खाजवत बसली आणि अंडी थांबली, तर फटका थेट तिथे बसतो.

उवा वेगळ्या, माइट वेगळे

गावाकडे कोंबडीच्या अंगावर वळवळणाऱ्या सगळ्याच जीवांना ‘उवा’ किंवा ‘पिसवा’ म्हणून मोकळं होतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कोंबडीची ऊ ही पिवळसर, चपटी आणि पळणारी. ती रक्तापेक्षा पिसं आणि कातडीचे पापुद्रे कुरतडून जगते. जन्मापासून मरेपर्यंत कोंबडीच्याच अंगावर राहते, आणि अंगावरून खाली पडली तर काही दिवसांत मरते. शेपटीखालची पिसं बाजूला केली की पिसांच्या मुळाशी पांढरट लिखांचे गठ्ठे दिसतात. ही ऊ माणसाच्या डोक्यात वस्ती करत नाही, त्यामुळे मुलांना कोंबड्यांपासून लांब ठेवण्याचं ते कारण नाही.

लाल माइटची तऱ्हा अगदी वेगळी. हा आठ पायांचा, गोचिडाच्या जातकुळीतला जीव. दिवसभर तो लाकडाच्या सांध्यात, बांबूच्या पोकळीत, भिंतीच्या भेगेत, अंडी घालायच्या टोपलीतल्या पेंढ्याखाली लपतो. रात्री बाहेर येतो, झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितो आणि पुन्हा फटीत जातो. उपाशी असताना करडा, प्यायल्यावर लाल. उबदार हवेत त्याची एक पिढी साधारण आठवडा ते दहा दिवसांत तयार होते, आणि रक्त मिळालं नाही तरी तो कित्येक महिने तग धरतो. म्हणून ‘खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं होतं’ हा त्यावर इलाज ठरत नाही.

आता दिवसा कोंबडी धरली, अंगावर पावडर टाकली आणि सोडून दिली, तर काय होईल? उवा मरतील. लाल माइट मात्र त्या वेळी कोंबडीवर नसतोच! ‘पावडर भेसळीची निघाली’ अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा दोष पावडरीचा नसतो.

जुन्या, भेगा पडलेल्या भिंतींच्या खुराड्यात कोंबड्यांचा गोचीडही असतो. त्याचीही सवय तीच, रात्री प्यायचं आणि दिवसा लपायचं. तो अधिक घातक, कारण रक्त पिताना स्पायरोकीटोसिस या रोगाचे जंतू सोडतो. हिरवट हगवण, ताप आणि पटापट मरतूक, म्हणजे पुन्हा मानमोडीचीच शंका. पंखाखालच्या कातडीवर गोचिडाची बारीक पिल्लं चिकटलेली दिसली, तर ती खूण पशुवैद्यकाला जरूर सांगावी.

रात्रीची तपासणी

दिवसा काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत राहू नये. अंधार पडल्यावर दोन तासांनी मोबाइलचा टॉर्च घेऊन कोंबड्या बसतात त्या दांडीची खालची बाजू बघावी. पांढरा कागद किंवा फडकं त्या बाजूने दाबून फिरवावं. लाल ठिपके, रेघा उमटल्या तर लाल माइट आहेच. अंड्यांच्या कवचावर बारीक रक्ताचे डाग, अंडी गोळा करताना मनगटावर वळवळ आणि नंतर खाज, याही त्याच्याच खुणा. तो माणसाला चावतो, पण माणसावर राहत नाही.

सगळ्यात जास्त हाल होतात ते खुडूक कोंबडीचे. ती 21 दिवस जवळजवळ जागची हलत नाही, मातीत लोळायलाही फार जात नाही. रक्त पिणाऱ्यांना याहून सोपं सावज नाही. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्याबरोबर त्यांच्याच तोंडी जातात, आणि पिल्लाच्या अंगात रक्त असतं तरी किती? म्हणून कोंबडी बसवण्याआधी टोपली उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी आणि पेंढा ताजा घ्यावा. गेल्या वेळचाच पेंढा झटकून वापरण्यात काटकसर नाही, नुकसान आहे.

आधी घर, मग कोंबडी

जुना पेंढा, पोती, विष्ठा काढून लांब नेऊन जाळावं. लाकूड आणि बांबू उकळत्या पाण्याने भिजवावेत, विशेषतः सांधे आणि बांबूची उघडी टोकं. भेगा लिंपून त्यावर चुन्याचा हात द्यावा. हे एकदाच करून भागत नाही. फटीतली अंडी वाचलेली असतात, म्हणून आठवड्याने पुन्हा आणि त्यानंतर एकदा. बसायची दांडी भिंतीला न टेकता स्वतंत्र पायांवर ठेवली आणि ते पाय तेलाच्या वाटीत उभे केले, तर माइटची वाटच तुटते. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, तीच युक्ती.

उवांसाठी मात्र कोंबडीलाच औषध लागतं. ते पशुवैद्यकाने सांगितलेलं, सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावं आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा करावं, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत.

पायावरचे खवले उचलले जाऊन पांढरट, खडबडीत थर आला असेल, तर तो तिसराच माइट. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून दर दोन-तीन दिवसांनी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावं. काही आठवडे लागतात. खवले ओरबाडू नयेत, रॉकेल तर अजिबात नको, कातडी भाजते.

शेतातलं औषध मारलं तर?

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. कपाशीवरचं, भातावरचं उरलेलं कीटकनाशक किंवा कुत्र्याच्या गोचिडाचा स्प्रे खुराड्यात मारला जातो. 2017 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये नेमकं लाल माइटसाठी वापरलेल्या द्रावणात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. ते अंड्यांत उतरलं, लाखो अंडी नष्ट करावी लागली, आणि त्या साखळीतली अंडी हाँगकाँगपर्यंत सापडली. हेच फिप्रोनिल आपल्याकडे पिकांवर आणि कुत्र्यांच्या गोचिडांवर सर्रास मिळतं. तिथे तपासायला प्रयोगशाळा होत्या. परसातलं अंडं कुणी तपासत नाही, ते सरळ मुलाच्या ताटात येतं. म्हणून कुठलंही औषध घेताना ‘अंडी किती दिवस खायची नाहीत?’ हे विचारलंच पाहिजे.

घरगुती म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते म्हणतात, पण डोळ्यात गेली तर कोंबडीच्या आणि माणसाच्याही डोळ्याला गंभीर इजा होते. तंबाखूचं पाणीही विषारीच.

त्यापेक्षा जुनी सवय भली. कोरड्या मातीत चुलीची राख मिसळून कोंबड्यांना लोळायला जागा द्यावी, आणि पावसाळ्यात ती पत्र्याखाली हवी, कारण ओली राख अंगाला चावते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोंबड्यांना चिकणमाती, गंधक अशी पूड घातलेल्या वाळूच्या पेट्या दिल्या. पेट्या वापरणाऱ्या कोंबड्यांवरच्या उवा आणि अंगावर राहणारे माइट झपाट्याने घटले. हा उपाय अंगावरच्यांसाठी आहे. फटीतल्यांसाठी उकळतं पाणीच.

आठवडी बाजारातून आणलेली तलंग मात्र थेट कळपात सोडू नये. दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी आणि तेवढ्यात तिची शेपटीखालची पिसं दोनदा तरी उघडून बघावीत. तुरा पांढरा पडला असेल किंवा एकापाठोपाठ एक पक्षी मरत असतील, तर घरचे प्रयोग थांबवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं किंवा 1962 या पशुसेवा क्रमांकावर फोन करावा. जाताना मेलेला पक्षी आणि फटीतून टिपलेले चार-दोन जीव घट्ट झाकणाच्या बाटलीत सोबत न्यावेत.