पूर्वजांच्या आळीत पाहुणे

नाताळ जवळ आला किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, की धर्मग्रामाच्या कार्यालयात एक ठरावीक पाहुणा येतो. तो कॅनडाहून, ऑस्ट्रेलियाहून किंवा आखाती देशांतून आलेला असतो. कधी फक्त मुंबईहून. सोबत कंटाळलेली मुले असतात आणि हातात आजीच्या पेटीतला एखादा जुना फोटो. “फादर, आमचे पणजोबा इथलेच. त्यांचे घर कुठे होते, सांगता येईल का?” असा त्याचा प्रश्न असतो. हातात वेळ विचारावा तर उत्तर येते, “तासभर. दुपारी किल्ला पाहायचा आहे आणि संध्याकाळी रिसॉर्टला पोहोचायचे आहे.” पवित्र मरिया यहुदियाच्या डोंगराळ भागात आपल्या नातेवाईक एलिझाबेथकडे गेली, ती सुमारे तीन महिने राहिली, असे संत लूक सांगतात. तेवढी रजा कोणाला मिळणार नाही हे मान्य. पण तासाभरात नाते सापडत नाही, हेही तितकेच खरे.

अशा भेटीचे सर्वांत जिवंत चित्र बायबलमधील तोबितच्या पुस्तकात आहे. तरुण तोबिया दूरच्या एकबतानात रगुवेलच्या दारी पोहोचतो. रगुवेल त्याला ओळखत नाही, पण हा मुलगा आपल्या भाऊबंद तोबितसारखा दिसतो, असे तो पत्नीला म्हणतो. मग कुठून आलात, तोबितला ओळखता का, तो बरा आहे ना, अशी चौकशी होते. हा तोबितचाच मुलगा हे कळताच म्हातारा त्याच्या गळ्यात पडून रडतो. आपल्या ओट्यांवर आजही हेच घडते. आधी चेहरा वाचला जातो, मग “कोणाचा तू?” हा प्रश्न येतो.

या प्रश्नाला केवळ आडनाव सांगून भागत नाही. वसईतील एकेका गावात परेरा, लोपीस, डिमेलो, फर्नांडिस अशा आडनावांची कितीतरी घरे असतात आणि त्यांचे एकमेकांशी नाते असेलच असे नाही. ओळख पटते ती आळीवरून, घराण्याच्या टोपणनावावरून आणि पणजीच्या माहेरावरून. म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसावे आणि वहीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : आळीचे किंवा पाखाडीचे नाव, घराला गावात काय म्हणत, आणि आजी-पणजी कोणत्या गावची. हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नये. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे तरी म्हणतात, “बाबा असताना विचारायला हवे होते.”

आता नोंदवह्यांविषयी. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहांची व स्नानसंस्कारांची नोंद ठेवण्यास सांगितले. आजही १९८३च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ५३५व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात. स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारीच त्या व्यक्तीच्या दृढीकरणाचा व विवाहाचाही उल्लेख करायचा असतो, त्यामुळे एक ओळ सापडली की पुढचा धागा हाती येतो. मात्र जुनी नोंद पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असू शकते आणि लिहिणाऱ्याने आडनाव आपल्या कानाला आले तसे लिहिलेले असते. वाळवी आणि आपला पावसाळा यांनीही आपला वाटा उचललेला असतो.

नोंद अपेक्षित मंदिरात सापडली नाही तर निराश होऊ नये. मुंबई बेटावर व साष्टीत दीर्घकाळ दुहेरी धर्माधिकार होता : काही मंदिरे पोर्तुगालच्या पाद्रोआदोखाली, तर काही रोममधील प्रोपागांडाच्या अखत्यारीत. एकाच वस्तीतील दोन घरे दोन वेगळ्या मंदिरांत जात. १८८६ साली स्थापन झालेल्या दमण धर्मप्रांतात वसई व साष्टीतील मंदिरे होती. तो १९२८ साली विसर्जित झाला आणि हा प्रदेश मुंबईच्या महाधर्मप्रांतात आला. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत तर १९९८चा. तेव्हा शेजारच्या मंदिरातही विचारावे, पण आधी पत्र पाठवून. रविवारच्या दोन मिस्सांच्या मध्ये येऊन शंभर वर्षांपूर्वीची नोंद मागणाऱ्याला कोणता धर्मगुरू प्रसन्न मुखाने सामोरा जाईल? आणि वहीच्या पानाचे परस्पर छायाचित्र घेऊ नये. त्या पानावर दुसऱ्यांच्याही घरच्या गोष्टी असतात.

एक अवघड गोष्ट मात्र स्पष्टच लिहितो. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब परदेशातून आले. मी त्यांना त्यांच्या आजोबांच्या चुलतभावाच्या सुनेकडे घेऊन गेलो. आजींनी पाणी दिले, पण खुर्ची पुढे केली नाही. पाहुण्यांनी उत्साहाने घराचे फोटो काढले, विहीर कोणाची, मागची वाडी किती, असे विचारले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “फादर, सातबारा बघायला आलेत का हे?” पाहुण्यांना मराठी कळत नव्हते. मला मात्र काय बोलावे हे सुचेना.

आजींचा संशय निराधार नव्हता. भारतीय वारसा कायदा, १९२५ अन्वये मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या ख्रिस्ती व्यक्तीच्या मुलामुलींना समान वाटा मिळतो. मग ते गावात असोत वा टोरोंटोत. जो गावात राहिला त्याने छप्पर शाकारले, कर भरला, म्हाताऱ्यांचे केले. आणि जो गेला त्याचा हक्क कागदावर तसाच राहिला. जमिनीचे भाव आभाळाला भिडल्यावर दूरचा भाऊ दारात दिसला, की पोटात गोळा येणारच. (तोबियाने तर जेवणाआधीच लग्नाचा विषय मिटवला आणि निघताना रगुवेलची अर्धी मालमत्ता घेऊन गेला, पण ती सासऱ्याने आपणहून दिली होती.) माझे मत असे : वाट्याचा काही प्रश्न असेल, तर तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या बैठकीत काढावा. नसेल, तर तसे पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकावे. त्यानंतर चहा अधिक गोड लागतो.

मुंबईत मूळ असणाऱ्यांना घर सापडण्याची शक्यता त्याहून कमी. गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचे रानवार येथे लाकडी जिन्यांची काही घरे अजून उभी आहेत, बरीच गेली. अशा ठिकाणी घराऐवजी क्रूस शोधावा. १८९६च्या प्लेगच्या साथीत लोकांनी आळीच्या तोंडाशी क्रूस उभारले. अनेकांवर साल कोरलेले आहे. इमारती बदलल्या, पण मे महिन्यात तेथे अजून रोझरी होते आणि रोझरीला येणाऱ्या एखाद्या वृद्धेला सगळ्या आळीची वंशावळ पाठ असते. वसईत हेच काम बावखल करते : शेतीला पाणी देणारे ते तळे कोणाकोणाच्या सामायिक मालकीचे, हे विचारले की जुनी भावकी आपोआप उलगडते.

दफनभूमीत थडगे शोधायचे असेल, तर जागेच्या टंचाईमुळे बहुतेक थडगी काही वर्षांनी पुन्हा वापरली जातात, हे आधीच मुलांना सांगून ठेवावे. दगड नसला तरी प्रार्थना करता येते.

त्या कुटुंबाची गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. दोन वर्षांनी त्यांची थोरली मुलगी एकटी आली. या वेळी कॅमेरा नव्हता. तिने मोडक्या मराठीत आजींना सांगितले की ती आठ दिवस राहणार आहे, आणि तिला घावन करायला शिकायचे आहे. आजींनी तिचा चेहरा थोडा वेळ न्याहाळला आणि “नाक आमच्या सासूबाईंचे आहे,” असे म्हणून खुर्ची पुढे सरकवली.