न्यायाधीशांची नियुक्ती आणि विधिशिक्षणातील समानता : कायद्याच्या प्राध्यापकांची भूमिका

उच्च न्यायालयांच्या व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नियुक्ती कोणी करावी, हा भारतीय राज्यघटनेच्या अभ्यासातील अत्यंत वादग्रस्त प्रश्न आहे. न्यायाधीश होण्यास पात्र ठरणारी माणसे कोणत्या समाजघटकांतून येतात आणि ती कोठे घडतात, या प्रश्नाची चर्चा मात्र तुलनेने कमी होते. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. आज विधी महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांतूनच वीस-पंचवीस वर्षांनंतरचे न्यायाधीश निवडले जाणार असतात. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी जे वगळले जातात, त्यांची उणीव पुढे कोणतीही नियुक्तीपद्धती सहजासहजी भरून काढू शकत नाही. या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध आणि त्यासंदर्भात कायद्याच्या प्राध्यापकांनी वेळोवेळी बजावलेली भूमिका यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचार्य ते घटनाकार

या दोन्ही प्रश्नांचा विचार करणारे पहिले मोठे नाव महाराष्ट्रातील आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १८५५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत त्यापूर्वी त्यांनी अध्यापनही केले होते. मुंबई इलाख्यातील विधिशिक्षणात कोणत्या सुधारणा व्हाव्यात, याविषयी त्यांनी १९३६ मध्ये महाविद्यालयाच्या नियतकालिकात स्वतंत्र लेख लिहिला.

पुढे २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत न्यायाधीशांच्या नियुक्तीवर चर्चा झाली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने डॉ. आंबेडकरांनीच उत्तर दिले. इंग्लंडमध्ये नियुक्तीचा अधिकार निर्बंधाविना कार्यकारी मंडळाकडे होता, तर अमेरिकेत सिनेटची संमती आवश्यक होती. या दोन्ही पद्धती त्यांनी स्वीकारल्या नाहीत. राष्ट्रपतींनी या विषयाचे जाणकार असलेल्या व्यक्तींशी विचारविनिमय करावा, असा मध्यममार्ग त्यांनी मांडला. त्याचबरोबर सरन्यायाधीशांची सहमती अनिवार्य करण्याची सूचनाही त्यांनी नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही मनुष्यच असतात आणि त्यांना नकाराधिकार देणे म्हणजे जो अधिकार आपण राष्ट्रपतींनाही देत नाही तो त्यांच्या हाती सोपवणे होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

याच दिवसाच्या चर्चेत ह. वि. कामत यांनी एक दुरुस्ती मांडली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी न्यायाधीश व वकील यांच्या जोडीने विख्यात विधिवेत्त्यासही पात्र मानावे, अशी ही सूचना होती. ती स्वीकारली गेली आणि आज अनुच्छेद १२४(३) च्या तिसऱ्या उपखंडात आढळते. ही तरतूद विधिशिक्षण आणि न्यायासन यांना थेट जोडणारी आहे.

न वापरलेली तरतूद

अनुच्छेद १२४(३) नुसार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नियुक्त होण्यासाठी तीनपैकी एक पात्रता आवश्यक आहे : उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून किमान पाच वर्षे काम; उच्च न्यायालयात किमान दहा वर्षे वकिली; किंवा राष्ट्रपतींच्या मते विख्यात विधिवेत्ता असणे. यांपैकी तिसऱ्या पात्रतेच्या आधारे एकही नियुक्ती झालेली नाही.

उच्च न्यायालयांच्या बाबतीत तर हा मार्गच उपलब्ध नाही. अनुच्छेद २१७(२) मध्ये दहा वर्षांचे न्यायिक पद किंवा दहा वर्षांची वकिली या दोनच पात्रता आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तेथेही 'विख्यात विधिवेत्ता' हा पर्याय समाविष्ट करण्यात आला होता. परंतु १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो वगळण्यात आला.

याला बार कौन्सिलच्या नियमांची जोड मिळते. पूर्णवेळ वेतन घेणाऱ्या नोकरदारास सर्वसाधारणपणे वकिली करता येत नाही. वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत विधी महाविद्यालयात शिकवण्याची मुभा १९७९ च्या नियमांनी दिली आहे. तथापि पूर्णवेळ प्राध्यापकाला न्यायालयात उभे राहण्याची तशी मुभा नाही. परिणामी, आयुष्यभर कायदा शिकवणाऱ्या व्यक्तीच्या खाती वकिलीची दहा वर्षे जमा होत नाहीत आणि उच्च न्यायालयाची वाट तिला बंद राहते. सर्वोच्च न्यायालयात जाणारे बहुसंख्य न्यायाधीश उच्च न्यायालयांतूनच येत असल्यामुळे तीही वाट व्यवहारात बंदच राहते.

अन्य देशांचा अनुभव वेगळा आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर यांची १९३९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयावर नियुक्ती झाली. जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयात विद्यापीठीय प्राध्यापक नियमितपणे न्यायाधीश होतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला अध्यक्ष लेडी हेल यांनी त्यापूर्वी अनेक वर्षे मँचेस्टर विद्यापीठात अध्यापन केले होते.

चार प्राध्यापकांचे खुले पत्र

न्यायासनावर स्थान नसतानाही कायद्याचे प्राध्यापक न्यायदानावर कसा प्रभाव टाकू शकतात, याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण महाराष्ट्रातील एका प्रकरणाशी संबंधित आहे. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. आणि 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांची पुन्हा मुक्तता केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या व तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, याला निकालात महत्त्व देण्यात आले होते.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले. शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात असलेल्या एका गरीब आदिवासी मुलीकडून मोठ्या प्रतिकाराची अपेक्षा न्यायालयाने करावी काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. या पत्रानंतर मुंबई, दिल्ली व अन्य शहरांतील महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. निकाल बदलला नाही. कायदा मात्र बदलला. १९८३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा मानला गेला. अशा खटल्यात संमती नव्हती असे पीडितेने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा अधिनियमात कलम ११४-अ द्वारे करण्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम १२० मध्ये आहे.

या चौघांपैकी बक्षी व सरकार यांनी १९८१ मध्ये उत्तर प्रदेशातील आग्रा येथील महिला संरक्षणगृहाच्या अमानुष स्थितीविषयी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले. जनहित याचिकेच्या विकासातील हा एक महत्त्वाचा टप्पा ठरला.

ज्यांच्या जीवनानुभवाचा न्यायासनाशी संबंध आलेला नाही, त्यांच्या बाबतीत न्यायालयाची दृष्टी अपुरी पडू शकते, हे या खुल्या पत्राने दाखवून दिले. येथून न्यायासनावर कोण बसते, हा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो.

नियुक्तीपद्धतीतील स्थित्यंतरे

१९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विचारविनिमय म्हणजे सहमती नव्हे, असे ठरवले. त्यामुळे अंतिम शब्द कार्यकारी मंडळाचा राहिला. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही भूमिका बदलली व सरन्यायाधीशांच्या मतास प्राधान्य दिले. १९९८ च्या राष्ट्रपतींच्या संदर्भावरील मतानुसार सरन्यायाधीश व चार ज्येष्ठतम न्यायाधीश यांचा न्यायवृंद निश्चित झाला. १९९३ च्या निकालात न्यायमूर्ती पांडियन यांनी दुर्बल घटकांच्या अल्प प्रतिनिधित्वाची स्वतंत्रपणे दखल घेतली होती, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

न्या. डी. ए. देसाई यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९८७ च्या १२१ व्या अहवालात राष्ट्रीय न्यायिक सेवा आयोगाची शिफारस केली होती. त्याच्या रचनेत विधिशिक्षण क्षेत्रातील एका नामवंत अभ्यासकासही स्थान सुचवण्यात आले होते. २०१४ च्या ९९ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग निर्माण केला. त्यात सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, केंद्रीय विधिमंत्री व दोन मान्यवर व्यक्ती असे सहा सदस्य होते. मान्यवरांपैकी एक व्यक्ती अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांपैकी असणे आवश्यक होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही घटनादुरुस्ती रद्दबातल ठरवली. न्यायपालिकेचे स्वातंत्र्य हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग आहे, हा त्यामागील आधार होता. त्यामुळे न्यायवृंदपद्धती पुन्हा लागू झाली.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०१८ पासून उच्च न्यायालयांत नियुक्त झालेल्या ६०४ न्यायाधीशांपैकी ४५८ सर्वसाधारण प्रवर्गातील होते. अनुसूचित जातींचे १८, अनुसूचित जमातींचे ९, इतर मागासवर्गांचे ७२ आणि अल्पसंख्याक समाजातील ३४ न्यायाधीश होते. १३ जणांची माहिती उपलब्ध नव्हती. म्हणजेच अनुसूचित जाती व जमाती मिळून प्रमाण सुमारे साडेचार टक्के भरते.

महिलांची वाटचालही संथ आहे. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. परंतु भारतात महिलांना वकिलीचा निर्विवाद हक्क १९२३ च्या कायद्याने मिळाला. मुंबई उच्च न्यायालयास पहिल्या महिला न्यायाधीश सुजाता मनोहर यांच्या रूपाने १९७८ मध्ये लाभल्या. सर्वोच्च न्यायालयात १९८९ मध्ये फातिमा बीवी आल्या. १९५० ते २०२४ या काळात तेथे केवळ ११ महिला न्यायाधीश झाल्या.

विधिशिक्षणातील दरी

बंगळुरू येथे १९८० च्या दशकात प्रा. एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय विधी विद्यालय सुरू झाले आणि पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमास प्रतिष्ठा मिळाली. महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमानुसार मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे स्थापन झाली. शिक्षणाचा दर्जा उंचावला; परंतु शुल्क वाढले आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा केवळ इंग्रजीतून राहिली. महाराष्ट्र शासनाची विधी सामाईक प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते, हा लक्षणीय फरक आहे. गडचिरोलीची आश्रमशाळा असो वा झाशीच्या प्रेमनगरसारखी वस्ती, तेथील बुद्धिमान विद्यार्थ्याला अडवते ती बहुधा भाषा, शुल्क आणि माहितीचा अभाव.

हे ओळखून कोलकात्यात अध्यापन करणारे प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये 'इडिया' हा उपक्रम सुरू केला. वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षेसाठी तयार करणे आणि प्रवेशानंतरही त्यांना आधार देणे हे त्याचे स्वरूप आहे. २०१५ मध्ये त्यांनी प्रवेशपरीक्षेतील त्रुटींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिकाही दाखल केली. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

पदवीनंतरही दरी संपत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. ही अट २००२ मध्ये वगळण्यात आली होती. न्यायालयीन कामाचा अनुभव आवश्यक आहे, हे त्यामागील कारण सयुक्तिक आहे. तथापि घरचा आधार नसलेल्या पदवीधराला कनिष्ठ वकील म्हणून तुटपुंज्या उत्पन्नावर ही वर्षे काढणे कठीण जाते. अट ठेवायची तर विद्यावेतनाची सोय हवी. अनुच्छेद ३१२ मध्ये तरतूद असलेली अखिल भारतीय न्यायिक सेवा हा आणखी एक पर्याय आहे. त्यातही भाषा व उच्च न्यायालयांचे नियंत्रण हे प्रश्न उपस्थित होतात.

समारोप

स्वतंत्र न्यायपालिका आणि प्रातिनिधिक न्यायपालिका या परस्परविरोधी कल्पना नाहीत. पहिलीसाठी नियुक्तीपद्धती दबावमुक्त व पारदर्शक हवी. दुसरीसाठी विधिशिक्षण सर्वांना खुले हवे. अनुच्छेद ३९-अ समान न्यायाची हमी मागतो आणि अनुच्छेद १५(५) शैक्षणिक प्रवेशात विशेष तरतुदींस वाव देतो. मातृभाषेतून प्रवेशपरीक्षा, पुरेशा शिष्यवृत्त्या, कनिष्ठ वकिलांना विद्यावेतन आणि 'विख्यात विधिवेत्ता' या तरतुदीचा प्रत्यक्ष वापर हे चार उपाय त्या दिशेने नेणारे आहेत. यांपैकी एकासाठीही घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही.

देसाईगंजच्या मुलीची बाजू चार अध्यापकांनी मांडली, तेव्हा निकाल लागून गेला होता. तिच्या परिसरातील मुलीमुले वकील, प्राध्यापक व न्यायाधीश होतील, तेव्हा ती बाजू निकालापूर्वीच ऐकली जाईल. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही अनुच्छेदे पाठ करताना त्यांमागील हा हेतूही ध्यानात घ्यावा. कारण उद्याच्या न्यायव्यवस्थेची जबाबदारी त्यांच्यापैकीच काहींवर येणार आहे.