बयाणा आणि अनुदान

कल्याणहून कर्जतकडे जाणारी गाडी उल्हासनगर आणि अंबरनाथ मागे टाकून बदलापूरच्या पुढे निघाली, की दिवाळीनंतरच्या दिवसांत शेतांच्या कडेला कोठे कोठे वीटभट्टीचा धूर दिसतो. आपल्या तीनही गावांतल्या कितीतरी इमारतींच्या भिंती अशाच भट्ट्यांच्या विटांनी उभ्या राहिल्या आहेत. त्या विटा थापणाऱ्यांत कातकरी कुटुंबे पुष्कळ. नवरा चिखल मळतो, बायको साच्यात भरते, पोरे कच्ची वीट उचलून उन्हात मांडतात. गरीब खेड्यातल्या घरात सरकारकडून थेट रोख रक्कम आली तर काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर या कुटुंबाचे वर्ष आधी पाहावे लागते.

पावसाच्या सुरुवातीला भट्टी बंद होते आणि कुटुंब आपल्या वाडीवर परतते. आषाढात आवणीची मजुरी तीन-चार आठवडे मिळते. त्यानंतर श्रावण-भाद्रपदात काम नाही. नदीचे मासे, शेतातले खेकडे, रानातले कंद आणि रेशनचे धान्य यांवर दिवस निघतात. तेलमीठ, औषध, पोराचा ताप, घरावरचे प्लास्टिक यांना मात्र रोख पैसा लागतो. नेमका याच वेळी भट्टीमालकाचा माणूस वाडीत येतो आणि बयाणा देतो. बयाणा म्हणजे येत्या हंगामाच्या कामावरची आगाऊ उचल. ती घेतली की पुढचे सहा-सात महिने कोणाच्या भट्टीवर जायचे, हजार विटांना काय दर घ्यायचा, हे त्याच दिवशी ठरून जाते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, तीही हिशेबात धरली जाते. हंगामाच्या शेवटी वही उघडते. पुष्कळदा देणे फिटलेले नसते आणि बाकी पुढच्या वर्षावर चढते.

बयाणा देणारा दिसतो उपकारकर्ताच. आजारी पोराला दवाखान्यात न्यायला पैसे त्यानेच दिलेले असतात. म्हणूनच कातकरी माणूस त्याच्याविरुद्ध सहसा बोलत नाही.

कायद्याला हे माहीत नाही असे नाही. १९७५ साली वेठबिगारीविरुद्ध वटहुकूम निघाला, १९७६ साली कायदा झाला आणि अशा वेठीच्या कर्जाची परतफेड करण्याचे बंधन रद्द ठरले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे सांगितले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबायला लावणे ही सक्तीची मजुरीच होय, आणि माणसाला भूक व दारिद्र्य यांनी राबायला भाग पाडले तरी ती सक्तीच, असा त्या निकालाचा आशय आहे. निकाल उत्तम आहे. परंतु भाद्रपदात वाडीवर न्यायालय येत नाही, बयाणा येतो.

आता अनुदानाकडे वळू. सरकारी पैसा मधल्या हातांतून न जाता लाभार्थ्याच्या बँकखात्यात पाडण्याची पद्धत देशात १ जानेवारी २०१३ पासून सुरू झाली. शेतकऱ्यांना वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देणारी केंद्राची योजना २०१९ साली आली. पण तिला नावावर जमीन लागते, आणि ज्याच्या नावे सातबारा नाही त्या कातकऱ्याला तिचा उपयोग नाही. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ पासून अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी महिना १,५०० रुपयांची योजना लागू केली. तिला सातबारा लागत नव्हता, आणि पैसा स्त्रीच्या खात्यात जाणार होता.

आम्ही कामगार चळवळीतले. रोख वाटपाविषयी आमचे मत पहिल्यापासून वाईट होते. 'आम्हाला दान नको, काम द्या, त्या कामाचे दाम द्या' हे आम्ही अंबरनाथच्या कारखान्यांच्या दारांत तीस वर्षे बोलत आलो. महिना १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. उल्हासनगरच्या बाजारात दोघांनी चहा आणि वडापाव घेतला तर ही नोट पुरायची नाही. एवढ्याने कोणाचे आयुष्य बदलणार, असे आम्हीही म्हणत होतो.

आमचे मत बदलले ते बदलापूरपलीकडच्या एका वाडीवर. भट्टी कामगारांची नोंदणी करण्यासाठी आम्ही भाद्रपदात तेथे गेलो होतो. एक बाई म्हणाली, "दादा, औंदा बयाणा नाय घेतला. दिवाळी झाल्यावर जाऊ, भाव इचारून जाऊ." आम्ही कारण विचारले, तेव्हा तिने खात्यात आलेल्या हप्त्यांचा हिशेब सांगितला. तेल, मीठ, मुलीचे औषध आणि दुकानदाराची थोडी उधारी एवढ्यातच पैसे संपले होते. शिल्लक काहीच नव्हते. पण घरात मालकाचा पैसा आलेला नव्हता. ती भट्टीवर गेलीच. मात्र त्या वर्षी प्रथमच तिने आणि नवऱ्याने दोन भट्ट्यांचे दर विचारले आणि ज्याचा दर बरा त्याच्याकडे गेली.

हे ऐकून आम्हाला आमची आई आठवली. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत होते आणि घर मुरबाड तालुक्यात. दर महिन्याला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा, तोवर आई गावात मान वर करून चालायची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मनिऑर्डर थांबली. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. त्या पावसाळ्यात आईने गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडून भात उचलले आणि पुढची दोन वर्षे त्याच्या आवणीला, त्याने ठरवलेल्या मजुरीवर जात राहिली. दुसरीकडे जास्त मिळत असले तरी जाता येत नसे. आमची शाळा तेथेच सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले.

संप गेटावर मोडत नाही, घरातल्या चुलीपाशी मोडतो, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असते. म्हणून तर युनियन लढानिधी जमवते. त्या निधीतून कोणी श्रीमंत होत नाही, फक्त आणखी एक महिना 'नाही' म्हणता येते. वाडीवरच्या त्या बाईच्या १,५०० रुपयांनी हेच केले. रोख मदतीचे मोल केवळ तिच्या आकड्यात शोधू नये. ती आल्यामुळे कोणापुढे हात पसरावा लागला नाही, हे पाहावे.

याला दूरचाही दाखला आहे. 'सेवा' ही असंघटित स्त्रियांची कामगार संघटना इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत स्थापली. तिने युनिसेफच्या साहाय्याने २०११-१२ च्या सुमारास मध्य प्रदेशातील काही खेड्यांत एक प्रयोग केला. प्रत्येक प्रौढास महिना २०० आणि मुलास १०० रुपये, कोणतीही अट न घालता दिले, पुढे ही रक्कम ३०० आणि १५० केली. लोकांच्या आहारात सुधारणा झाली, कर्जे कमी झाली. लोक आळशी होण्याऐवजी मजुरीवरून स्वतःच्या शेताकडे व स्वतःच्या धंद्याकडे वळले. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. जगभरच्या अशा योजनांची पाहणी करून जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ साली दारू-तंबाखूविषयी हाच निष्कर्ष काढला. गरिबाच्या हातात पैसा टिकत नाही हे आमच्यातल्याही पुष्कळांचे मत असते, ते या अनुभवाशी ताडून पाहावे.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. पहिली गोष्ट वेळेची. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २०२० साली सरकारने आदिवासी कुटुंबांना ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर केले, निम्मे धान्यवस्तूंच्या रूपाने आणि निम्मे खात्यात. वाटप व्हायला २०२१ साल उजाडले. २०२० च्या पावसाळ्यातली भूक त्या पैशासाठी थांबणार नव्हती, ती बयाण्यावर भागली असणार. उशिरा आलेले अनुदान बयाणा अडवू शकत नाही, फार तर तो फेडायला उपयोगी पडते, म्हणजे शेवटी मालकाकडेच जाते.

दुसरी गोष्ट कागदांची. ज्यांचे वर्ष अर्धे वाडीवर आणि अर्धे भट्टीवर जाते, त्यांचे जातीचे दाखले, आधार, बँकखाते यांत एक तरी कागद कमी असतो. चिखल मळून बोटांच्या रेषा झिजतात, मग यंत्र अंगठा ओळखत नाही. बँकेपर्यंतचे रिक्षाभाडे आणि बुडालेली मजुरी धरली, तर १,५०० रुपये आणायला शे-दोनशे सहज जातात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रोख पैसा कामाची जागा घेऊ शकत नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला. घराजवळ काम मागण्याचा तो हक्क आपल्या राज्याने देशाला दाखवला. अनुदान दिले म्हणून काम, शाळा, दवाखाना यांतून सरकारला सुटका मिळता कामा नये. शिवाय हप्ता खात्यात यायचा बंद झाला तर कोणाला जाब विचारायचा, हेही त्या बाईला माहीत असले पाहिजे. नाहीतर एका उपकारकर्त्याच्या जागी दुसरा आला एवढेच होईल.

म्हणून आमच्या संघटनेने आता मागणी बदलली आहे. दाम मागतोच आहोत. त्याबरोबर आम्ही म्हणतो: मदत द्यायची तर श्रावण-भाद्रपद कोरडा जाऊ देऊ नका, कागदांचे शिबिर दिवाळीपूर्वी वाडीवरच भरवा, पैसे वाडीवर येऊन द्या, आणि भट्टीच्या वहीची एक प्रत मजुराच्या हाती असू द्या.

या सभागृहात बसणाऱ्यांपैकी पुष्कळांना अर्ज भरता येतो, बँकेत बोलता येते. पावसाळ्यातला एक रविवार काढून आमच्याबरोबर वाडीवर यावे, एवढीच विनंती. त्या बाईच्या शेजारच्या तीन घरांचे कागद अजून अपुरे आहेत, आणि बयाणा घेऊन येणारा माणूस त्यांच्याकडे नेहमीप्रमाणे वेळेवर येणार आहे.