फॉर्म ४४७३

अमेरिकेतल्या गन शोबद्दल मिळेल ते मी कित्येक वर्षं वाचत आलो आहे. शाळेत गोळीबार झाला की त्यांचं नाव निघतं. आत काय चालतं, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

ओक्लाहोमातल्या टल्साचा वानेनमाकर शो सगळ्यांत मोठा म्हणवतो. वर्षातून दोनदा, सुमारे ११ एकरांच्या एकाच छपराखाली तब्बल ४,२०० टेबलं लागतात. अशा शोला कुणी स्वतःची बंदूक घेऊन आलं, तर ती रिकामी आहे ना हे दारातच बघतात आणि चाप ओढला तरी चालू नये म्हणून तिच्यात प्लास्टिकची पट्टी अडकवतात. आत महायुद्धातल्या रायफली, काडतुसांचे खोके, सुरे, सुकवलेल्या मांसाची पाकिटं. १८९८ पर्यंत बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याच्या लेखी पुराणवस्तू. ती जाणणारे संग्राहक बोलू लागले की ऐकत राहावं.

पण सगळं ठरतं ते टेबलामागे कोण बसलंय यावर. परवानाधारक विक्रेता असेल, तर ओळखपत्र दाखवून फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि १९९८ पासून चालू असलेल्या एफबीआयच्या यंत्रणेत चौकशी होते. बंदूक स्वतःसाठीच घेताय का, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, असे प्रश्न त्यात असतात. व्हिसाचाही प्रश्न असतो. एच-१बी वर गेलेली आपली मुलं किंवा त्यांच्याकडे गेलेले आईबाबा शो खुशाल बघू शकतात. बंदूक घेणं मात्र, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, त्यांच्यासाठी गुन्हा आहे. शेजारच्या टेबलावर एखादा खासगी माणूस आपल्या संग्रहातली बंदूक विकत असेल, तर केंद्रीय कायदा त्याच्याकडे ना फॉर्म मागतो ना चौकशी. अपात्र माणसाला जाणूनबुजून विकू नये, हे बंधन मात्र आहे.

या फरकाचा अर्थ मला उमगला तो एका जबाबातून. १९९८ च्या अखेरीस डेन्व्हरच्या टॅनर गन शोमध्ये १७ वर्षांची दोन मुलं १८ वर्षांच्या मैत्रिणीला घेऊन फिरत होती. पुढे तिने कोलोरॅडोच्या आमदारांसमोर सांगितलं, की दोघं प्रत्येक विक्रेत्याला विचारत होते, तुम्ही खासगी की परवानाधारक? त्यांना खासगीच हवा होता, कारण तिथे कागद नव्हता. तिने वयाच्या पुराव्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं आणि तीन बंदुका मिळाल्या. स्वतःची माहिती द्यावी लागली असती किंवा चौकशी झाली असती तर आपण त्या घेतल्याच नसत्या, असंही ती म्हणाली. २० एप्रिल १९९९ ला कोलंबाइन हायस्कूलमध्ये त्या दोघांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला.

शेजाऱ्याला एखादी बंदूक विकणाऱ्यावर सरकारचा पहारा कशाला, हा युक्तिवाद मी समजू शकतो. पण हॉलमध्ये टेबल भाड्याने घेऊन बसलेल्याला तो लावणं मला पटत नाही. मे १९९९ मध्ये सिनेटमध्ये मतं समसमान पडली, उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या मताने गन शोवरच्या चौकशीची दुरुस्ती ५१-५० अशी मंजूर झाली आणि प्रतिनिधीगृहात तो प्रयत्न बारगळला. कोलोरॅडोच्या मतदारांनी २००० मध्ये आपल्या राज्यापुरती ही वाट बंद केली. बाजूने सुमारे ७० टक्के मतं पडली.

विक्रेत्याचा धंदा चालू आहे तोवर भरलेला फॉर्म सरकारकडे जातही नाही, तो त्याच्याच कपाटात राहतो. मंजूर झालेल्या चौकशीची नोंद २४ तासांत पुसली जाते, आणि बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही ठेवायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढताना वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गचं सरकारी केंद्र उत्पादकापासून दुकानदारापर्यंत आणि त्याच्या फॉर्मवरून पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचतं. त्या गिऱ्हाइकाने ती पुढे खासगीत विकली असेल, तर मार्टिन्सबर्गच्या हाती कागद उरत नाही.