हळद, स्ट्रॉबेरी आणि चेतापेशींची नवनिर्मिती

सांगलीची हळद आणि सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या दोन्ही पिकांना भौगोलिक मानांकन लाभलेले आहे; स्ट्रॉबेरीला ते २०१० मध्ये व हळदीला २०१८ मध्ये मिळाले. या दोन्ही पदार्थांची परीक्षा मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळांतही झाली आहे. त्यांच्या सेवनाने मेंदूत नव्या पेशी उत्पन्न होऊन वार्धक्यातील विस्मरण टळते, असे विधान त्यामुळे वरचेवर ऐकू येते. या विधानातील सिद्ध अंश कोणता व अनुमानाचा अंश कोणता, हे तपासून पाहणे इष्ट होय.

प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी निर्माण होत नाहीत, हा समज विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ होता. १९६५ मध्ये जोसेफ आल्टमन व गोपाल दास यांच्या प्रयोगांनी त्याविषयी शंका उत्पन्न केली. विभाजनापूर्वी पेशी नवे डीएनए घडविण्यासाठी थायमिडीन हे द्रव्य शोषून घेते. किरणोत्सारी थायमिडीन टोचलेल्या उंदरांत, स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात, अशा रीतीने चिन्हांकित झालेल्या पेशी त्यांना आढळल्या. मानवी मेंदूतील पुरावा १९९८ मध्ये पुढे आला. २०१३ मध्ये कार्बन-१४ च्या मोजणीवरून, प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दररोज सुमारे ७०० चेतापेशींची भर पडते, असा अंदाज करण्यात आला. तथापि २०१८ मध्ये एका संशोधकगटाला प्रौढ मानवात अशा पेशी आढळल्या नाहीत. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला त्या वृद्धांतही आढळल्या. उंदरांविषयी जे निर्विवाद आहे, ते मानवाविषयी असे वादाचा विषय झाले आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील महत्त्वाचे कार्य मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत झाले आहे. नॉरएपिनेफ्रिन हे संदेशवाहक द्रव्य घटविले असता प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पूर्वज पेशींचे विभाजन मंदावते, असे त्यांच्या गटाने २००२ मध्ये दाखविले. पुढे २०१९ मध्ये, उल्हास कोल्थूर-सीताराम यांच्या सहकार्याने केलेल्या अभ्यासात, सेरोटोनिनमुळे चेतापेशींतील तंतुकणिकांची, म्हणजेच ऊर्जा पुरविणाऱ्या घटकांची, वाढ होते असे दिसून आले. ही क्रिया सर्ट-१ या प्रथिनाच्या द्वारे घडते. या प्रथिनाचे कार्य पेशीच्या ऊर्जास्थितीवर अवलंबून असल्याने आहार व वार्धक्य यांच्या अभ्यासात त्याला विशेष स्थान आहे. मात्र येथे प्रश्न नव्या पेशींच्या जन्माचा नसून असलेल्या पेशींच्या सामर्थ्याचा आहे, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

आता आहाराकडे वळू. उष्मांक मर्यादित ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी अधिक संख्येने तग धरतात. १९९९ मधील एका प्रयोगात वृद्ध उंदरांना आठ आठवडे स्ट्रॉबेरीचा अर्क दिल्यावर काही कसोट्यांतील त्यांची कामगिरी सुधारली. परंतु ती सुधारणा नव्या पेशींमुळे झाली, असे त्यातून सिद्ध होत नाही. हळदीतील कर्क्युमिनने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील नवनिर्मिती वाढते, असे २००८ मध्ये आढळले. त्याच अभ्यासात, संवर्धित पेशींना अल्प मात्रा पोषक व अधिक मात्रा घातक ठरली, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

शिवाय कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे उतरत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूर येथील अभ्यासात मनुष्यास २ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावरही रक्तात त्याचा जवळजवळ मागमूस लागला नाही. मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यावर मात्र त्याचे शोषण पुष्कळ वाढले. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन शेकडा ३ धरले, तर २ ग्रॅमसाठी सुमारे ६७ ग्रॅम हळद लागेल. आमटीभाजीतील चिमूटभर हळदीशी या मात्रेची तुलना होऊ शकत नाही.

जिवंत माणसाच्या मेंदूतील नव्या चेतापेशी मोजण्याची खात्रीशीर पद्धती आज उपलब्ध नाही. मानवाविषयीचा पुरावा मुख्यतः मरणोत्तर ऊतींवर आधारलेला आहे. तेव्हा अमुक पदार्थ खाणाऱ्या माणसात अशा पेशी वाढल्या, असे म्हणण्यास आधार नाही. सांगली-साताऱ्याच्या या पिकांची आहारातील योग्यता त्यामुळे उणावत नाही. मात्र उंदरावरील निष्कर्ष माणसाला लावण्यापूर्वी मात्रा, शोषण आणि मोजणी या तीन प्रश्नांची उत्तरे अभ्यासकाने मागितली पाहिजेत.