इलेक्ट्रॉन उपटणारा प्रकाश

पाच वर्षांच्या अंतराने भौतिकशास्त्राचे नोबेल दोनदा एकाच घराण्यातल्या संशोधनाकडे गेले. २०१८ मध्ये पारितोषिकाचा निम्मा भाग डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मुरू यांना मिळाला. लेसरचा स्पंद आधी ताणायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी पुन्हा आक्रसायचा, हे त्यांचे १९८५ चे तंत्र. २०२३ मध्ये पिएर अगोस्तिनी, फेरेंक क्राउस आणि आन लुइये यांचा गौरव झाला. ही नावे आपल्यापर्यंत पोचली. पण प्रकाशाच्या अशा अतिलघु, प्रखर स्पंदांवर मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तीन दशकांच्या आसपास जे काम झाले ते मराठी वाचकाला फारसे माहीत नाही. ते माहीत असायला हवे.

हे स्पंद फेम्टोसेकंदांत मोजतात. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. तीस फेम्टोसेकंदांत प्रकाश जेमतेम नऊ मायक्रॉन सरकतो, केसाच्या जाडीहूनही कमी. आता स्पंदातली ऊर्जा पाहा: तीन ज्यूल म्हणजे ३०० ग्रॅमचे वजन मीटरभर उचलायला लागणारी ऊर्जा. ती एवढ्या अल्प काळात ओतली की शक्ती १०० टेरावॅट होते.

अणूतला इलेक्ट्रॉन केंद्रकाने धरून ठेवलेला असतो. हायड्रोजनमधून तो सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या, ८०० नॅनोमीटरच्या लेसरच्या एका फोटॉनकडे असतात फक्त १.५५. म्हणजे निदान नऊ फोटॉन एकदम शोषले जायला हवेत. प्रखरता आणखी वाढली की चित्रच पालटते. प्रकाशाचे विद्युतक्षेत्र अणूच्या पकडीची भिंत वाकवते आणि इलेक्ट्रॉन तिच्या आरपार निसटतो. या दोन्ही वाटा एकाच सूत्रात बसवल्या त्या लिओनिद केल्दिश यांनी, १९६४ मध्ये.

कुलाब्यात या दिशेने आधी वळले दीपक माथुर. दोन धनभार असलेल्या रेणूंचा अभ्यास करणाऱ्या माथुरांना १९९१ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे त्यांच्या गटाने प्रखर लेसरमध्ये रेणूंचे काय होते ते तपासले. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन ऑक्सिजनच्या दोन बाजूंना असतात. प्रखर स्पंदाखाली ते दोघे एकत्र येऊन हायड्रोजन रेणूचा आयन बाहेर पडतो, असे या गटाला दिसले. रेणू नुसता फुटत नाही, फुटता फुटता आपली रचनाही बदलतो, हे त्यातून कळले.

जी. रवींद्र कुमार यांनी याच संस्थेत प्रश्न पुढे नेला: एकेका अणूऐवजी घन पदार्थावर असा स्पंद सोडला तर? पृष्ठभागाचे तत्क्षणी आयनीभवन होते, तप्त आणि दाट प्लाझ्मा तयार होतो, आणि त्यातून सुसाट सुटणारे इलेक्ट्रॉन प्रचंड चुंबकीय क्षेत्र उभे करतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या प्रेधिमान काव आदी सिद्धांतकारांबरोबर त्यांच्या गटाने २००२ मध्ये अशा क्षेत्राचे मोजमाप प्रसिद्ध केले. ते क्षेत्र होते २७ मेगागॉस, म्हणजे २,७०० टेस्ला. इस्पितळातले एमआरआय यंत्र साधारण दीड ते तीन टेस्लाचे असते. हे क्षेत्र टिकले सुमारे सहा पिकोसेकंद. ते मोजायला दुसरा, सौम्य स्पंद थोड्या थोड्या उशिराने पाठवावा लागतो आणि परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवण वाचावे लागते. २०१२ मध्ये याच चुंबकीय क्षेत्रांतली खळबळ त्यांनी थेट टिपली. ताऱ्यांच्या परिसरातल्या प्लाझ्माचे काही वर्तन टेबलावर तपासण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. २००३ चा भटनागर आणि २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार या कामाला मिळाला.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती मोजण्याची जिद्द. जगात याहून शक्तिशाली लेसर अनेक आहेत. कुलाब्याचे नाव झाले ते, क्षणात विरणाऱ्या गोष्टीला काय विचारायचे आणि ते कसे मोजायचे, याची उत्तरे या मंडळींनी शोधली म्हणून.

मराठवाड्यासाठी हा विषय आता परका नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, लेसरच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथला लेसर स्थिर, अखंड, कुलाब्याचा स्पंदांचा. प्रकाशाला शिस्त लावण्याची विद्या मात्र दोन्हीकडे लागते. अजिंठ्याच्या, सिल्लोडच्या विद्यार्थ्यांना मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम आणि टाटा संस्थेचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम यांची माहिती वेळेवर मिळायला हवी. ती देणे हे आपल्या महाविद्यालयीन प्राध्यापकांचे काम आहे, आणि त्यासाठी नव्या इमारतीची किंवा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.