पगारातून कापले जाणारे पैसे आणि आपला दवाखाना

आपल्या वस्तीतले कितीतरी जण सफाईकाम, सुरक्षारक्षक, कारखाना, हॉटेल, दुकान अशा ठिकाणी कामाला जातात. पगाराच्या स्लिपवर ‘ईएसआय’ नावाची कपात असते. ती कशासाठी, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. घरात ताप-खोकला आला की आपण जवळच्या खासगी दवाखान्यात जातो आणि पुन्हा खिशातून पैसे देतो. म्हणजे उपचाराचे पैसे आपण दोनदा मोजतो. म्हणून या वेळी राज्य कामगार विमा योजनेची माहिती देत आहोत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. पुढे १९४८ चा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली.

पैसा कुठून येतो?

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगार १६,००० रुपये असेल तर कामगाराचे १२० आणि मालकाचे ५२० असे ६४० रुपये दरमहा जमा होतात. मालकाला त्याचा हिस्सा कामगाराच्या पगारातून वसूल करता येत नाही. वैद्यकीय खर्चाचा आठवा भाग ठरलेल्या मर्यादेत राज्य सरकार देते, बाकीचा या निधीतून होतो.

डॉक्टरला पैसे कसे मिळतात?

उपचार दोन ठिकाणी मिळतात: योजनेच्या सेवा दवाखान्यात किंवा पॅनेल डॉक्टरकडे. पॅनेल डॉक्टरला आपण किती वेळा गेलो यावर पैसे मिळत नाहीत. त्याच्या यादीत किती कामगारांची नावे आहेत, यावर त्याची रक्कम ठरते. आपण वर्षभर त्याची पायरी चढलो नाही, तरी आपल्या नावाचे पैसे त्याला मिळतात. म्हणून तो तपासणीची वेगळी फी मागू लागला तर देऊ नका. योजनेच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार करा. तिथला अनुभव चांगला नसेल तर डॉक्टर बदलून मागता येतो.

मोठ्या आजारात हाच दवाखाना कामगार रुग्णालयाकडे चिठ्ठी देतो. आजारपणात काम बुडाले तर अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठीचा दाखलाही इथूनच घ्यावा लागतो.

आपण काय करायचे?

पहिले, स्लिप पाहा आणि आपला दहा अंकी विमा क्रमांक मागून घ्या. कपात होते पण क्रमांक दिलेला नाही, असे असेल तर शाखा कार्यालयात चौकशी करा.

दुसरे, पती किंवा पत्नी, मुले आणि आपल्यावर अवलंबून असलेले आईवडील यांची नावे नोंदवली आहेत का, ते तपासा. नाव नसेल तर ऐन आजारपणात दवाखान्यात अडवणूक होते.

तिसरे, कार्डावर कोणता दवाखाना लिहिला आहे ते बघा. कामाच्या ठिकाणाजवळचा दिला असेल आणि घरच्यांना लांब पडत असेल, तर घराजवळचा मागा.

चौथे, ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी घाबरू नये. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत, तर ज्याच्या आस्थापनेत आपण काम करतो त्या मुख्य मालकावर कायद्याने जबाबदारी येते. पगाराच्या स्लिपा आणि हजेरीचा पुरावा जपून ठेवा.

हे सगळे मोबाईलवरही पाहता येते. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या गल्लीतल्या दहा घरांच्या स्लिपा तपासून दिल्या, तरी कित्येक घरांचा दवाखान्याचा खर्च वाचेल. कोणी आजारी पडण्याची वाट न पाहता हे काम याच महिन्यात करून घ्यावे, असे आम्ही सुचवतो.